आठ महिने राउटरचा बदलता आकडा पाहिल्यावर

माझ्या वाय-फाय राउटरच्या खोक्यावर ३०० मेगाबिट असं ठसठशीत छापलं होतं, म्हणजे राउटर आणि उपकरण यांच्यातला सेकंदाचा वेग, लिंक स्पीड. आठ महिन्यांत तो आकडा मला दिसला, नाही असं नाही. पण लॅपटॉप राउटरच्या अगदी शेजारी असताना. एरवी कधी २४३, कधी १६२, दार लोटलं की १०८ किंवा ८१. पहिल्याच आठवड्यात रात्री राउटरच्या यादीत फोनच्या नावापुढे चक्क ६ दिसले आणि मी राउटर परत पाठवायच्या तयारीला लागलो.

दोष राउटरचा नव्हता, माझ्या वाचण्याचा होता. तिथे दिसतो तो शेवटच्या फ्रेमचा, म्हणजे हवेतून गेलेल्या माहितीच्या शेवटच्या तुकड्याचा, दर. निजलेला फोन अधूनमधून ‘आता झोपतो’, ‘जागा झालो’ एवढंच कळवतो, आणि असले निरोप हमखास पोचावेत म्हणून ते खालच्या दराने जातात. व्हिडिओ सुरू केला की तोच आकडा दोनशेच्या वर. त्यामुळे काही डाउनलोड होत नसताना लिंक स्पीड बघून घाबरू नका.

दुसऱ्या महिन्यात राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर चालणारं मुक्त सॉफ्टवेअर टाकलं आणि खरी गंमत कळली. माझ्या राउटरच्या चिपसाठी लिनक्समधलं मिन्स्ट्रेल नावाचं तंत्र दर ठरवतं आणि त्याचा तक्ता उघडून बघता येतो. प्रत्येक दरापुढे यशाची शक्यता आणि त्यातून पदरात पडणारा वेग. सर्वांत फायद्याच्या दरापुढे ‘ए’, सर्वांत भरवशाच्या दरापुढे ‘पी’. आधी २४३ असताना हे १६२ वर का रेंगाळतंय म्हणून मी वैतागायचो. मग हिशेब करून पाहिला: २४३ ला निम्म्याच फ्रेम पोचत असतील तर हाती १२१ च्या आसपास, १६२ ला शंभरातल्या ९५ पोचल्या तर १५४. राउटर माझ्यापेक्षा व्यवहारी निघाला.

हा अंदाज तो बसल्या जागी बांधत नाही. मूळ मिन्स्ट्रेल सुमारे १० टक्के फ्रेम वेगळ्या दरांवर पाठवून चाचपणी करतं आणि जुन्या निकालांपेक्षा ताज्या निकालांना जास्त वजन देतं. याच्या आधीची १९९७ ची एआरएफ (ऑटो रेट फॉलबॅक) ही दर ठरवायची पद्धत फार सरळ होती: लागोपाठ १० फ्रेमची पोच मिळाली की एक पायरी वर, लागोपाठ दोन हुकल्या की खाली. अडचण अशी की पोच न येण्याची कारणं दोन. सिग्नल क्षीण असेल तर खाली उतरणं शहाणपणाचं. पण दोन उपकरणं एकाच वेळी बोलल्यामुळे टक्कर झाली असेल, तर दर उतरवून फ्रेम आणखी लांबते, हवा जास्त वेळ अडते आणि टकरी वाढतात. आगीत तेलच ते.

मध्यंतरी अतिशहाणपणा करून मी राउटरचा दर थेट ३०० वर अडकवून ठेवला. त्याच खोलीत झकास. पलीकडच्या खोलीत दार लावून बसलो तर कॉलमध्ये समोरच्याचा आवाज तुटायला लागला, कारण खाली उतरायची वाटच मी बंद केली होती; त्याच त्या फ्रेम पुन्हा पुन्हा जात होत्या. दोन दिवसांत गुपचूप सगळं पूर्ववत केलं.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असताना मायक्रोवेव्ह सुरू झाला की तक्ता गडबडतो. मायक्रोवेव्ह विजेच्या प्रत्येक आवर्तनात साधारण अर्धा वेळ गोंगाट करतो, अर्धा वेळ गप्प. दर ठरवणाऱ्याने सरासरी तरी कसली काढायची? मी नेहमीची उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर नेली, विषय संपला.

जुन्या प्रिंटरचं मात्र तसं नाही. तो ८०२.११बी या जुन्या वाय-फाय मानकाच्या जमान्यातला, म्हणजे १, २, ५.५ आणि ११ एवढेच दर त्याला ठाऊक. १५०० बाइटची फ्रेम १ मेगाबिटने १२ मिलिसेकंद हवा अडवते. नंतरच्या ५४ मेगाबिटच्या दराने तोच मजकूर पाव मिलिसेकंदाच्या आत जातो. एक गोगलगाय आणि मागे सगळी रांग. सेटिंगमध्ये जुने दर बंद केले तर प्रिंटरच गायब! शेवटी ते पुन्हा चालू केले. छपाई रोजची नाही, चालतं.

तक्रार एकच, पण खरी. प्रत्येक बाजू आपापला पाठवण्याचा दर स्वतः ठरवते, आणि तो कसा ठरवायचा हे वाय-फायच्या मानकात लिहिलेलंच नाही. ज्याची त्याची रीत. राउटरकडून लॅपटॉपकडे २४३ आणि त्याच जागी बसून लॅपटॉपकडून राउटरकडे ८१, असं माझ्याकडे कित्येकदा दिसतं. राउटरने एखादा दर का निवडला हे मी तक्त्यावर बोट ठेवून सांगू शकतो. लॅपटॉपच्या कार्डाचं सगळं गणित बंद फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डातल्याच सॉफ्टवेअरच्या, आत. मोठी फाइल वर चढवायची असली की मी अजून मुकाट्याने केबल लावतो.