आधी रात्रपाळीचं रजिस्टर बघा: महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्ती केंद्रांची तुलना

घरचे लोक व्यसनमुक्ती केंद्र शोधायला बसतात ती वेळच मुळात वाईट असते. रात्री तमाशा झालेला असतो आणि सकाळी पिणारा माणूस उताऱ्याला बाहेर पडायच्या आत त्याला कुठेतरी पोहोचवायचं असतं. मोबाइलवर शोधलं की वरचे निकाल जाहिरातीचे, आणि त्यातला एखादा नंबर केंद्राचा नसून दलालाचा. पलीकडून बोलणारा पहिल्या मिनिटाला पत्ता विचारतो आणि दुसऱ्या मिनिटाला 'गाडी पाठवू का?' म्हणतो. पेशंट काय पितो, किती पितो, शेवटचं कधी घेतलं, आधी कधी फिट आली होती का, हे त्याने विचारलंच नाही, तर तो फोन तिथेच ठेवावा.

महाराष्ट्रातली केंद्रं तपासताना खोल्या, बाग आणि योगा हॉलचे फोटो शेवटी बघा. पहिल्या चार रात्री केंद्र काय करतं आणि सोडल्यानंतरचं वर्षभर काय करतं, यावर निवड करावी. मधले तीस-पस्तीस दिवस बऱ्याच ठिकाणी साधारण सारखेच जातात.

चार रात्रींचा हिशोब असा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की ६ ते २४ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना डिलिरियम होतो: भिंतीवर किडे दिसतात, दारात नसलेल्या माणसाशी बोलणं सुरू होतं, ताप आणि नाडी चढते. उपचार नसेल तर यात माणूस दगावतो. म्हणजे 'दोन दिवस कोंडून ठेवला की उतरेल' हा सल्ला देणारं केंद्र जिवाशी खेळतंय. विचारायचा प्रश्न एकच: रात्री दोनला फिट आली तर कोण बघतं, आणि कुठल्या हॉस्पिटलला नेता? चांगलं केंद्र नर्सची पाळी, डॉक्टर किती वेळात येतो आणि हॉस्पिटलचं नाव लगेच सांगतं. 'आमच्याकडे फिट येतच नाही' हे उत्तर मिळालं तर दुसरं केंद्र बघा.

प्रत्यक्ष गेलात तर नावं झाकून डिटॉक्सच्या, म्हणजे नशा उतरवण्याच्या वॉर्डचं रात्रीचं रजिस्टर दाखवायला सांगा. त्यात दर काही तासांनी वेळ, नाडी, बीपी, ताप, हाताचं कंपन, घाम, दिलेलं औषध आणि सही असायला हवी. खऱ्या रजिस्टरात आकडे वरखाली होतात: रात्री अकराला १६०/१००, गोळी दिली, पहाटे चारला १४०/९०. शाई बदलते, अक्षर बदलतं, मध्ये खाडाखोड असते. खोट्या रजिस्टरात सगळ्यांचं बीपी रात्रभर १२०/८०, एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेलं. दारू उतरत असलेल्या माणसाचं बीपी असं शहाण्यासारखं बसून राहत नाही.

औषधांचंही विचारून घ्या. दारूच्या डिटॉक्सला सहसा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, सात-दहा दिवसांत डोस उतरवत नेतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपामकडे वळतात. त्यामुळे दाखल करताना लिव्हरची तपासणी व्हायलाच हवी. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी-१, म्हणजे थायामिनचं इंजेक्शन दिलं जातं का? ही बारीकशी वाटणारी गोष्ट आहे, पण थायामिन राहून गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चुका दोन्ही टोकांना होतात. कुणी 'गोळ्यांचीच सवय लागेल' म्हणून औषधच देत नाही, तर कुणी पेशंट शांत राहावा म्हणून महिनाभर गुंगीत ठेवतं. भेटीला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यातही माणसाची जीभ जड असेल तर डोसाचा कागद मागा.

आता कुठे काय मिळतं ते बघू. ज्याला आधी फिट येऊन गेली आहे, कावीळ आहे, शुगर आहे किंवा जो आत्महत्येचं बोलतो, त्याच्यासाठी पहिला थांबा हॉस्पिटलच. मुंबईत केईएम, नायर, सायन यांचे मनोविकार विभाग आहेत; जिल्ह्यात सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेज. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयंही आहेत. खर्च कमी, डॉक्टर जागेवर, आयसीयू जवळ. कमी पडतं ते समुपदेशन: गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटं मिळाली तरी नशीब. म्हणून डिटॉक्स हॉस्पिटलात आणि पुढचा महिना संस्थेत, अशी जोडी लावणं अनेकांना परवडतं आणि वैद्यकीयदृष्ट्याही ते सर्वांत सुरक्षित.

संस्थांमध्ये पुण्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीत असतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ते सुरू केलं, सुरुवातीला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. इथली खासियत दिनक्रमाची आहे. पेशंटला 'रुग्णमित्र' म्हणतात, साफसफाईपासून सभेपर्यंतची कामं तेच वाटून घेतात, आणि व्यसनातून बाहेर आलेले लोक कार्यकर्ते म्हणून सोबत असतात. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. हे मुद्दाम सांगण्याचं कारण, राज्यात स्त्रियांसाठी वेगळ्या खाटा फार थोड्या आहेत आणि 'आम्ही बायकाही घेतो' म्हणणाऱ्या ठिकाणी वेगळा मजला, स्त्री नर्स आणि स्त्री समुपदेशक नसेल तर तिथे पाठवूच नये. मुक्तांगणची गैरसोय म्हटली तर शिस्त. ज्याला हॉटेलासारखी सोय आणि हातात मोबाइल हवा, त्याचं तिथे जमणार नाही. अर्थात त्याचं कुठेच जमत नाही.

मुंबईकडच्यांसाठी कृपा फाउंडेशन. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ते सुरू केलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटाच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार पद्धतीचा योग, अशी सांगड आहे. चर्चमधून सुरू झालं म्हणून काही घरं बिचकतात, पण उपचारासाठी कुणाला धर्म विचारला जात नाही. बारा पायऱ्यांतली 'आपल्याहून मोठी शक्ती' ही भाषा मात्र देवधर्म न मानणाऱ्याला खटकू शकते. दाखल होण्याआधी त्याच्याशी हे बोललेलं बरं.

गडचिरोलीची तऱ्हाच निराळी. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पण पिणारे आहेतच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने सरकारबरोबर चालवलेलं मुक्तिपथ अभियान गावात शिबिरं आणि तालुक्याला क्लिनिक भरवून दारू-तंबाखूवर काम करतं. महिनाभर शेती सोडून कुठेही जाऊ न शकणाऱ्या माणसाला हा नमुना जास्त उपयोगी. मराठवाड्यात, खानदेशात याची गरज तितकीच आहे.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी आयआरसीए, म्हणजे व्यसनी रुग्णांची एकात्मिक पुनर्वसन केंद्रंही राज्यात आहेत. उपचार मोफत. आपल्या जिल्ह्यातलं कोणतं, हे १४४४६ या हेल्पलाइनवर विचारता येतं. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. आयआरसीएचा दर्जा संस्थेगणिक बदलतो. अनुदान अडकलं की पहिल्यांदा डॉक्टरच्या फेऱ्या कमी होतात, म्हणून 'डॉक्टर कुठल्या वारी येतात?' असं नेमकं विचारा आणि त्याच वारी भेट द्या.

उरली खासगी केंद्रं. यात उत्तम मनोविकारतज्ज्ञांची नर्सिंग होम आहेत आणि हायवेला लागून पत्र्याच्या शेडात चालणारे कोंडवाडेही आहेत. फरक ओळखायला कायदा हाताशी ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेले मानसिक विकार येतात, त्यामुळे असे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. सोसायटी किंवा ट्रस्टचं प्रमाणपत्र वेगळं. बरेचदा भिंतीवर फ्रेम करून तेच लावलेलं असतं. दोन्हीतला फरक वाचून घ्या.

माणूस स्वतः सही करून दाखल झाला असेल तर त्याला स्वतः बाहेर पडण्याचा हक्क आहे. डॉक्टर फार तर २४ तास तपासणीसाठी थांबवू शकतात. तो निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर कलम ८९ लागतं: त्याने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरणाऱ्या प्रतिनिधीचा अर्ज, दोन व्यावसायिकांची स्वतंत्र तपासणी, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ, आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. 'सहा महिन्यांचे पैसे भरा, आम्ही सोडत नाही' हे या चौकटीत कुठेच बसत नाही. साखळीने बांधायला कायद्याने सरळ बंदी आहे. फोन करण्याचा आणि भेटण्याचा हक्क पेशंटला आहे, म्हणून 'पहिला महिना घरच्यांनी यायचंच नाही' म्हणणारे काय झाकतात, हा संशय घ्यायला हरकत नाही. चार माणसं पाठवून पहाटे घरातून उचलून नेणाऱ्या गाडीचं तर बोलायलाच नको. झटापटीत हाड मोडतं, आणि त्या माणसाचा घरच्यांवरचा विश्वास पुढे कितीतरी दिवस परत येत नाही.

ब्राउन शुगर, म्हणजे गर्दचा पेशंट असेल तर तुलना बदलते. गर्दची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, भयंकर दिसते, अंग मोडतं, नाक-डोळे वाहतात, उलट्या-जुलाब होतात. पण खरा धोका नंतर असतो. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर येऊन त्याने जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. यावर जिभेखाली ठेवायची, गर्दच्याच जातीची पण तलफ आवरणारी ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी आहे, ती कित्येक महिने, कधी वर्षंही चालते. 'एक व्यसन सोडवून दुसरं कशाला' म्हणून काही केंद्रं ती नाकारतात. गर्दच्या पेशंटसाठी अशी केंद्रं आम्ही यादीत खालीच ठेवू, त्यांची शिस्त कितीही चांगली असली तरी. तंबाखूसाठी मात्र दाखल व्हायची सहसा गरज नसते. १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन आणि निकोटिनचा च्युइंगगम इथून सुरुवात होते.

पैशांचं बोलणं लेखी करा. महिन्याच्या आकड्यात डॉक्टर, रक्ततपासण्या, औषधं आणि हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च धरलाय की नाही, आणि माणूस दहाव्या दिवशी निघून आला तर किती परत मिळणार. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका: बऱ्याच पॉलिसींत दारू-ड्रग्जच्या उपचारांसाठीचं ठरलेलं अपवादकलम, एक्स्क्लूजन १२, असतं. दाखल करण्याआधी पॉलिसीत ते शोधा.

'न सांगता चहातून द्या, दारू आपोआप सुटेल' या पावडरींबद्दल एवढंच, की त्यात डायसल्फिरॅम असेल आणि वर माणूस प्यायला, तर बीपी कोसळून तो दवाखान्यात जाईल. डायसल्फिरॅम हे चांगलं औषध आहे, पण ते पेशंटच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी सुरू करायचं, लिव्हर तपासत द्यायचं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी प्रतिक्रिया येऊ शकते. अल्कोहोल असलेलं कफ सिरपही टाळायचं. घरात कुणाच्या देखत गोळी घ्यायची हे त्याने स्वतः ठरवलेलं असेल तर ती टिकते. ज्याला हे जमत नाही त्याच्यासाठी नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट ही दुसरी औषधं आहेत. पहिल्यात लिव्हर बघतात, दुसऱ्यात किडनी.

सोडण्याच्या दिवशी हातात काय मिळतं, यावरून केंद्राची खरी परीक्षा होते. निदान, दिलेली औषधं आणि पुढचे डोस लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड, पुढच्या तीन भेटींच्या तारखा, आणि तुमच्या तालुक्यातल्या एएच्या सभेचा वार आणि जागा. घर उदगीरला आणि फॉलोअप फक्त पुण्यात असेल तर तिसऱ्या महिन्यापासून कुणी जात नाही. म्हणून दोन केंद्रं तोलामोलाची वाटली तर ज्याची फॉलोअप सभा एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे, ते घ्या. घरच्यांची सभा वेगळी भरते का, तेही विचारा. पुन्हा प्यायला तर काय, या प्रश्नाला 'परत पूर्ण फी भरून दाखल करा' असं उत्तर देणारे असतात, आणि 'त्याच रात्री फोन करा, उद्या ओपीडीत आणा' म्हणणारेही. हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारता येतो.