ट्रेकला कुठला गॅस न्यावा, ब्युटेन की प्रोपेनवालं मिक्स?

नुसता प्रोपेन न्यायचं डोक्यातून काढून टाका, त्याचं प्रेशर इतकं असतं की जाड लोखंडी सिलिंडरच लागतो आणि तो गडावर कोण चढवणार. म्हणजे खरी निवड दोनातच, साध्या ब्युटेनचा लांब डबा किंवा आयसोब्युटेन (ब्युटेनचाच भाऊबंद) आणि प्रोपेन यांच्या मिक्सचा बुटका, आट्यांचा डबा. वजनाला वजन धरलं तर उष्णता दोघांची जवळपास सारखीच, त्यामुळे त्यावर डोकं खाजवू नका.

ब्युटेन स्वस्त, सहज मिळतो, आणि पावसाळ्यात, उन्हाळ्यात मला तरी कधी त्रास झाला नाही. घोळ थंडीत होतो. एकदा जानेवारीत हरिश्चंद्रगडावर होतो, पहाटे सहा-सात डिग्री असेल, आठ जणांचा चहा ठेवला आणि पाच मिनिटांत ज्योत बारीक होत होत मेणबत्तीएवढी झाली. डबा हलवला तर आत गॅस डुचमळतोय, अर्ध्याहून जास्त, पण बाहेर यायला तयार नाही! ब्युटेन उकळतो उणे अर्ध्या डिग्रीला, प्रोपेन उणे ४२ ला, आणि जळताना डबा स्वतःच आणखी गार पडत जातो, मग बाहेर शून्य नसलं तरी आत प्रेशरच उरत नाही. एकजण म्हणाला डबा कोमट पाण्यात ठेव. बरोबर आहे, पण पाणी तापवायला गॅस हवा आणि गॅस तापवायला पाणी, तिथेच गाडी अडली. शेवटी डबा माझ्या जॅकेटमध्ये पोटाशी धरून बसलो (ज्योतीवर धरायचा आचरटपणा कुणी करू नका), चहा झाला पण पाऊण तासाने, तोही कोमट.

मिक्समध्येही खोट आहेच. प्रोपेन आधी निघून जातो, त्यामुळे डबा संपत आला की तोही थंडीत रडतो, शिवाय महाग, आणि अर्धे वापरलेले डबे घरात साठत जातात. विमानात तर दोन्ही चालत नाहीत, हिमालयात जाणार असाल तर तिकडेच घ्या.

तुमचे ट्रेक जून ते ऑक्टोबर असतील तर ब्युटेनवर भागेल, उगाच पैसे घालू नका. मी मात्र दिवाळीनंतर मिक्सच नेतो. ब्युटेनचे दोन डबे उरलेत, ते पावसाळ्यात गच्चीवर कणसं भाजायला.