एव्हिऑनिक्स की मेकॅनिकल: दोन दिवसांच्या ओळखवर्गाचा अनुभव

विमान-देखभालीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे) की मेकॅनिकल (सांगाडा आणि इंजिन) ही शाखा ठरवता यावी, म्हणून एका प्रशिक्षण संस्थेने ठेवलेल्या दोन दिवसांच्या ओळखवर्गाला मी गेलो होतो. पहिल्या दिवसाची व्याख्याने नसती तरी चालले असते. दुसऱ्या दिवसाच्या कार्यशाळेने मात्र फी वसूल झाली.

सकाळी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने, बोल्ट आवळून त्यांना लॉकवायर, म्हणजे ते सैल होऊ नयेत म्हणूनची तार, घालायची होती. तारेचा ओढा बोल्ट आवळला जाण्याच्या दिशेनेच हवा, हे ऐकूनही माझी पहिली तार उलटी गेली आणि कापून पुन्हा घालावी लागली. त्यानंतर बोअरस्कोप, म्हणजे आत डोकावून पाहायची बारीक नळी, जुन्या इंजिनात घालून ब्लेडच्या कडेवरची बारीकशी खाच शोधायची होती. दुपारी वायरिंगच्या बाकावर हार्नेसमधला, म्हणजे वायरींच्या जुडग्यातला, मुद्दाम ठेवलेला दोष शोधायला दिला, तेव्हा मल्टिमीटर सारे ठीक दाखवत होता. पण जुडगा किंचित वाकवला की संपर्क तुटत होता. असा दोष उड्डाणात कंपनांमुळे प्रकट होतो आणि जमिनीवर नाहीसा होतो, आणि घाईने काढलेले निर्दोष युनिट ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येते, हे प्रशिक्षकांनी तिथेच समजावले. संपूर्ण वर्गात शाखानिवडीला सर्वांत उपयोगी पडला तो हाच तास.

व्याख्यानांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. एव्हिऑनिक्स म्हणजे स्वच्छ, बसून करायचे काम, असे चित्र तिथे वारंवार रंगवले गेले. वास्तविक अँटेना विमानाच्या पोटाखालीही असतात आणि वायरींचे जुडगे केबिनच्या फरशीखालून जातात, तेव्हा कपडे दोन्ही शाखांवाल्यांचे मळतात. मेकॅनिकलवाल्याला विजेशी देणेघेणे नाही, हे विधान तर सरळ चुकीचे होते. युरोपीय परवाना पद्धतीत बी१ परवान्यात सांगाडा आणि इंजिनाबरोबर विद्युत प्रणालीही येतात, आणि साध्या चाचणीने खात्री पटत असेल तर बी१धारक एव्हिऑनिक्सचे युनिट बदलून सहीदेखील करू शकतो. शिवाय आजच्या जेट इंजिनाला इंधन किती द्यायचे, हे संगणकच ठरवतो. टर्बाइन विमानांसाठीचा बी१.१ आणि एव्हिऑनिक्सचा बी२ या दोन्हींच्या मान्यताप्राप्त मूलभूत अभ्यासक्रमाला किमान २४०० तास लागतात, हे सांगितले असते तर एक शाखा सोपी असल्याचा अनेकांचा समज तिथेच दूर झाला असता. विशिष्ट विमानप्रकारासाठी नंतर घ्याव्या लागणाऱ्या टाइप रेटिंगचाही उल्लेख झाला नाही.

हार्नेसचा दोष सापडेपर्यंत मी चहाला उठलो नाही, म्हणून मी बी२ साठी अर्ज केला. त्याच बाकावर पंधरा मिनिटांत कंटाळलेली माझी मैत्रीण बी१.१ घेणार आहे. कुणी जाणार असेल तर दुसऱ्या दिवशी लवकर पोहोचावे, कारण बोअरस्कोप एकच आहे आणि त्याच्यापुढे रांग लागते.