पनिशर की डोगा?

बेळगावच्या खडेबाजारातल्या रद्दीच्या दुकानात परवा डोगाचं जुनं कॉमिक सापडलं. कुत्र्याचा मुखवटा, दुमडलेले कोपरे, गंजलेली पिन. कपाटात पनिशर होताच, मग दोन्ही लागोपाठ वाचले.

पनिशर अमेरिकी मार्व्हल कॉमिक्सचा, १९७४चा, स्पायडरमॅनच्या अंकातून आलेला. व्हिएतनाममध्ये लढलेला फ्रँक कॅसल; गुंडांच्या गोळीबारात बायको-मुलं गेली आणि याचं युद्ध संपलंच नाही. चित्रं देखणी, पण माणूस थंडगार. वाचून झाल्यावर जेवण जात नाही.

डोगा राज कॉमिक्सचा, हिंदीतला, मुंबईचा. कचऱ्यात सापडलेलं, डाकूनं वाढवलेलं पोर. पुढे अदरक चाचाच्या हाताखाली अंग कमावलेलं. रक्त इथेही भरपूर, संवाद तर नुसत्या डरकाळ्या! तरी तालीम, हप्ता, गल्लीतला दादा हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय २००४पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमादावा बघत आम्ही मोठे झालो. तिथल्या तिथे निकाल लावणारा मुखवटेवाला आवडायला आणखी कारण कशाला हवं? (खऱ्या आयुष्यात असला माणूस आमच्या गल्लीत नको, हे वेगळं.)

माझं मत डोगाला. नववीतल्या भाच्यानं दोन्ही मागितले होते. डोगा दिला; पनिशर वरच्या फळीवर, ट्रंकेमागे.