रेड वाइनमधला सल्फर: डोळ्याने मोजायचा, एका प्लॅटिनमने की दोन?

जानेवारी ते मार्च, नाशिकच्या दिंडोरी-गंगापूर पट्ट्यात द्राक्षं उतरत असताना छोट्या वायनरीवाल्यांचा ठरलेला प्रश्न येतो: वाइन टिकवणारा मुक्त (कशाला न बांधलेला) सल्फर डायऑक्साइड मोजायला यंत्र घ्यावं की स्टार्चवर भागवावं?

व्हाइट वाइनपुरतं काम असेल तर स्टार्च पुरे. नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल आणि स्टार्च घालून थेंबाथेंबाने आयोडीन सोडायचं (हेच टायट्रेशन), निळा रंग टिकला की थांबायचं. रेडमध्ये मात्र निळं कुठे सुरू झालं हे दोन माणसं दोन ठिकाणी सांगतात. 25 मिली नमुना आणि 0.02 नॉर्मल (तीव्रतेचं माप) आयोडीन घेतलं तर 1 मिली म्हणजे लिटरमागे 25.6 मिलिग्रॅम. एक थेंब, साधारण 0.05 मिली, चुकला की सव्वा मिलिग्रॅमचा फरक. तीन-चार थेंबांचा गोंधळ रेडमध्ये सहज होतो.

मग प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड. एक प्लॅटिनम आणि एक संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याचा व्होल्टेज स्थिर राहतो) असेल तर मीटरवर मिलिव्होल्ट वाचायचे आणि उडी कुठे येते ते बघायचं. अडचण सुरुवातीलाच असते. सल्फर डायऑक्साइड आणि सल्फेट ही जोडी प्लॅटिनमवर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण नीट करत नाही, त्यामुळे आकडा रेंगाळतो. आयोडीन किंचित जास्त झालं की आयोडीन-आयोडाइड जोडी ताबा घेते आणि मीटर एकदम चढतो. म्हणजे उडीआधीच्या आकड्यांकडे फार लक्ष देऊ नका.

दोन प्लॅटिनम तारांची डेड-स्टॉप पद्धत (फौल्क आणि बॉडन, 1926) याच आळशीपणाचा फायदा घेते. तारांना अगदी थोडा व्होल्टेज द्यायचा. आयोडीन शिल्लक नाही तोवर ऋण तारेवर इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी नसतं, म्हणून प्रवाह जवळपास शून्य. पहिलं जादा आयोडीन आलं की काटा हलतो. संदर्भ इलेक्ट्रोड नाही, त्याचं पोटॅशियम क्लोराइड भरायची कटकटही नाही. काटा 20-30 सेकंद टिकला तरच एंड पॉइंट (थांबायची जागा) धरा. रेडमधली पॉलिफेनॉल्स (द्राक्षाच्या सालीतली तुरट द्रव्यं) आयोडीन खात राहतात, काटा पुन्हा खाली येतो.

माझं मत: सीझनला रोज पंचवीस-तीस टाक्या तपासायच्या असतील तर डेड-स्टॉप. चार-पाच टाक्या असतील तर मिलिव्होल्ट दाखवणारा चांगला पीएच मीटर घ्या. तोच काचेच्या इलेक्ट्रोडने पीएच 8.2 पर्यंत आम्लता मोजेल आणि प्लॅटिनम जोडला की सल्फरही. विक्रेता जे सांगणार नाही ते मात्र आधी ऐका: प्लॅटिनम फक्त डोळ्याची चूक सुधारतो. रेडमध्ये रंगद्रव्यांना बांधलेला सल्फर टायट्रेशन चालू असताना सुटतो, पॉलिफेनॉल्सही आयोडीन घेतात, म्हणून आकडा जास्तच येतो. बाटलीबंद करण्याआधीचा खरा आकडा हवा असेल तर हवा फुंकून ऑक्सिडेशन करण्याची पद्धतच लागते.

प्लॅटिनमवर वाइनचा थर बसला की प्रतिसाद मंदावतो. प्रत्येक नमुन्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि काटा सुस्त वाटला की उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे साफ करा. घाईत चांदीचा इलेक्ट्रोड लावू नका, आयोडीन चांदीवर आयोडाइडचा थर चढवतं. चांदीचं काम वेगळं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत निकेल प्लेटिंगच्या बाथमधलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने मोजताना तोच लागतो, कारण त्या हिरव्या पाण्यात क्रोमेट या सूचकाचा रंगबदल पकडणं त्रासाचंच असतं.