ब्लॅकस्टोन एजच्या रोमन रस्त्यासाठी ‘ओएल २१’

मँचेस्टरला राहायला आल्यापासून उत्तर इंग्लंडच्या माळरानांवर रोमन रस्त्यांच्या खुणा शोधत हिंडण्याचा नाद मला लागला आहे. त्या नादापायी केलेल्या खर्चांपैकी पुरेपूर वसूल झालेला खर्च म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा ‘एक्सप्लोअरर ओएल २१, साउथ पेनाइन्स’ हा कागदी नकाशा. त्याचे प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर होतो, आणि त्यामुळे शेतांच्या हद्दीसुद्धा त्यात वेगवेगळ्या दिसतात. रस्ता बुजलेला असतो तिथे बऱ्याचदा या हद्दीच साक्ष देतात, कारण जुन्या रस्त्याच्या कडेने घातलेली भिंत रस्ता गेला तरी आपली सरळ रेघ सोडत नाही.

मला सर्वांत भावला तो अक्षरांचा भेद. रोमन अवशेषांची नावे ठसठशीत मोठ्या अक्षरांत छापतात, तर इतर काळांतील अवशेषांची नावे जुन्या पोथ्यांसारख्या टोकदार गॉथिक वळणात. एकदा नजर सरावली की खुणांची सूची उघडावीही लागत नाही. या संस्थेने १९२० सालीच ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांना आपले पहिले पुरातत्त्व अधिकारी नेमले होते, आणि ती आस्था अजून कागदावर दिसते.

नकाशाची खरी परीक्षा ब्लॅकस्टोन एज या पेनाइन्स डोंगरांतल्या कड्यावर झाली. लिटलबरो स्टेशनवर उतरून पूर्वेकडे चढत गेले की हेदरच्या तपकिरी झुडपांतून सुमारे पाच मीटर रुंदीची दगडी फरसबंदी समोर येते, आणि तिच्या मधोमध दगडांतच कोरलेली उथळ पन्हळ लागते. मी गेलो तेव्हा आदल्या रात्रीच्या पावसाचे पाणी त्या पन्हळीतून बारीक धारेने उतरत होते आणि तिच्या कडा हाताला गुळगुळीत लागत होत्या. नाणेघाटाची फरसबंदी चढलेल्या माणसाला इथे थोडे घरच्यासारखे वाटते. ही पन्हळ कशासाठी, यावर मात्र एकमत नाही: उतारावर गाडीला अटकाव करण्यासाठी, असे काही जण म्हणतात, तर घोड्यांच्या खुरांना पकड मिळावी म्हणून तिच्यात गवताची ढेकळे भरत असत, असे इतरांचे मत आहे. मुळात हा रस्ता रोमन नसून १७३५ च्या सुमाराच्या टोलरस्त्याचा भाग आहे, असे मानणारे अभ्यासकही आहेत. नकाशावर मात्र ‘रोमन रोड’ ही अक्षरे निःशंकपणे छापलेली आहेत, हे मला खटकते. माझ्या प्रतीवर मी त्यांच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. आयव्हन मार्गरी यांनी ब्रिटनमधील रोमन रस्त्यांना दिलेले क्रमांकही नकाशात नाहीत, म्हणून या रस्त्याचा ‘७२०ए’ मीच समासात लिहिला.

वर एगिन स्टोन या जुन्या उभ्या दगडाच्या पुढे पीटच्या ओल्या मातीत फरसबंदी दिसेनाशी झाली, की नकाशा फक्त दिशा देतो आणि उरलेले काम डोळ्यांनी करावे लागते. रस्त्याच्या मधला उंचवटा निचऱ्याचा असल्याने तिथे हेदरऐवजी गवताची हिरवी पट्टी दिसते, कडेच्या बुजलेल्या चरांत लव्हाळे माजते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात हा सारा उंचसखलपणा सावलीने उठून येतो. रोमन लोक एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेषा आखत आणि वळायचे ते बहुधा माथ्यावर वळत, म्हणून दिशा बदलते ती जागा मी आधी माथ्यावरच शोधतो.

यासाठी मोबाइलपेक्षा कागद बरा. नकाशासोबत मोबाइलसाठी कोडही मिळतो, आणि धुक्यात आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळायला तो उपयोगी पडतो. परंतु दहा-बारा किलोमीटरवरचे दोन तुकडे एकाच रेषेत आहेत, हे तळहाताएवढ्या पडद्यावर लक्षात येत नाही. निघण्यापूर्वी इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेची विनामूल्य लायडार चित्रे, म्हणजे विमानातून लेझरने जमिनीची उंची मोजून बनवलेली चित्रे, घरी पाहून घ्यावीत, कारण त्यांत झाडझाडोऱ्याखालची जमीन उघडी दिसते.

प्लॅस्टिकचा थर दिलेली आवृत्तीही मिळते. ती पावसाला दाद देत नाही, पण जाड असल्याने घडी घालताना त्रास देते आणि तिच्यावर पेन्सिल चालत नाही. मी साधी प्रत घेऊन ती गळ्यात अडकवायच्या पारदर्शक पाकिटात ठेवतो.