गवत कापणीच्या व्यवसायासाठी करून घेतलेला लोगो : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लोगो हातात आला तेव्हा आमच्याकडे गवत कापण्याची दोन यंत्रे, एक ट्रेलर आणि दोन माणसे होती. आज यंत्रे तीन आणि माणसे चार झाली आहेत. लोगो तोच आहे, मात्र तो ज्या रूपात आम्हाला मिळाला होता त्या रूपात आता फारसा कुठे दिसत नाही. हा अभिप्राय मुख्यतः त्या बदलांविषयी आहे.

आधीचा लोगो आम्ही आयत्या नमुन्यांतून बनवून देणाऱ्या एका संकेतस्थळावरून घेतला होता. हसऱ्या चेहऱ्याचे यंत्र आणि त्याखाली गवताची तीन पाती असे ते चित्र होते. एके दिवशी नेमके तेच चित्र दुसऱ्या एका व्यावसायिकाच्या गाडीवर दिसले आणि फरक फक्त नावाचा होता. अशा ठिकाणची चित्रे अनेकांना वापरायला दिलेली असतात, त्यामुळे त्यांच्यावर आपला एकट्याचा हक्क सांगता येत नाही, हे आम्हाला त्यानंतर समजले. म्हणून या वेळी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका डिझायनरकडून लोगो, रंगसंगती, व्हिजिटिंग कार्ड, दरपत्रकाचा नमुना, गाडीवरील मजकूर आणि टी-शर्ट असे सगळे एकत्र करून घेतले.

पहिल्या आराखड्यात गोल फिरणाऱ्या दंडगोलाकार पात्यांचे यंत्र होते. दिसायला ते देखणे होते. एडविन बडिंग या इंग्रज अभियंत्याने १८३० मध्ये कापडाचा पृष्ठभाग छाटणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र घडवले, ते याच जातीचे. पण आमची यंत्रे आडवे पाते गरगर फिरवणारी आहेत आणि आमच्याकडे नसलेले यंत्र आमच्याच नावापुढे लावणे आम्हाला पटले नाही. दुसरा आराखडा मात्र पाहताक्षणी आवडला : एक वर्तुळ आणि त्यात आलटून पालटून गडद व फिकट असे तिरपे पट्टे. यंत्रामागचा रूळ गवत एका दिशेला वाकवतो, परतीच्या फेरीत शेजारचा पट्टा उलट दिशेला वाकतो. पाहणाऱ्यापासून दूर वाकलेले गवत फिकट आणि त्याच्याकडे झुकलेले गडद दिसते. नीट कापलेल्या हिरवळीची ही खूण ज्याने एकदा पाहिली आहे त्याला लोगोचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कल्पनेला आम्ही आजही पूर्ण गुण देऊ.

अडचण कल्पनेत नव्हती, हिरव्या रंगात होती. पडद्यावर निवडलेला हिरवा अतिशय तजेलदार होता आणि कार्डे छापून आली तेव्हा तो वाळलेल्या गवतासारखा दिसला. छापखान्याचा यात दोष नव्हता. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई एकत्र आणून. झगमगीत हिरव्या छटांपैकी बऱ्याच या चार शायांच्या आवाक्यातच येत नाहीत. शेवटी मूळ रंग थोडा खोल केला, त्याचा पँटोन क्रमांक (छापखाने ओळखतात असा ठरावीक छटेचा क्रमांक) ठरवला आणि पडदा, छपाई व विनाइल (गाडीवर चिकटवायचे प्लास्टिकचे पटल) या तिन्हींसाठी वेगवेगळी मूल्ये एका कागदावर लिहून घेतली. कापून चिकटवायचे विनाइल ठरावीक छटांच्या गुंडाळ्यांतच मिळते, त्यामुळे तिथे जवळात जवळची छटा निवडण्यापलीकडे काही करता येत नाही. हा एक कागद आम्हाला लोगोइतकाच उपयोगी पडला आहे, आणि तो आम्ही मागितल्यावर मिळाला, आपणहून मिळाला नाही, याची नोंद इथे करायला हवी.

हिरव्यासोबत पिवळा घ्यावा, असा आमचा आग्रह होता. डिझायनरने तो मोडून काढला आणि ते योग्यच झाले. ट्रॅक्टर व गवत कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीच्या हिरव्या-पिवळ्या रंगजोडीला संरक्षण आहे. अमेरिकेतील केंटकीच्या संघराज्य न्यायालयाने २०१७ मध्ये शेतीची अवजारे बनवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध निकाल देताना ती रंगजोडी प्रसिद्ध व्यापारचिन्ह मानली. आम्ही यंत्रे बनवत नाही, सेवा देतो, तेव्हा आमच्यावर कोणी दावा केला असता असे नाही. तरी त्या रंगांत आमचा ट्रेलर कोणाच्या तरी विक्री प्रतिनिधीचा वाटला असता, हे कारण आम्हाला पुरेसे होते.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते ट्रेलरवर. मागच्या दारावर लोगो, नाव, घोषवाक्य, सात सेवांची यादी, फोन क्रमांक आणि संकेतस्थळ इतके सगळे होते. संगणकावर ही मांडणी सुरेख दिसत होती, कारण तिथे ती आम्ही खुर्चीत बसून सावकाश वाचत होतो. रस्त्यावर मागच्या गाडीतील माणसाला ती काही सेकंदच दिसते. फलक रंगवणाऱ्यांमध्ये एक साधे प्रमाण रूढ आहे : अक्षर सहज वाचले जावे असे वाटत असेल तर दर १० फूट अंतरामागे १ इंच उंची धरावी. आमचा फोन क्रमांक अडीच इंचांचा होता, म्हणजे तो २५ फुटांवरून नीट वाचता येत होता, आणि चालत्या गाड्यांमध्ये अंतर त्याहून बरेच जास्त असते. चौथ्या महिन्यात दार पूर्ण खरवडून पुन्हा केले. आता तिथे फक्त पट्ट्यांचे वर्तुळ, नाव आणि पाच इंची क्रमांक आहे. ‘तुमची गाडी पाहून फोन केला’ हे वाक्य त्याआधी आम्ही क्वचितच ऐकले होते. आता ते अधूनमधून कानावर पडते.

विनाइलच्या प्रकाराबद्दल आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही. गाडीच्या दारावर जे लावले गेले ते रुळांत दाबून तयार केलेले होते. अशा पटलात ओढल्याचा ताण शिल्लक राहतो, त्यामुळे कालांतराने ते आक्रसते आणि उंचवट्यावरून सुटू लागते. द्रवरूपात ओतून सुकवलेले विनाइल पातळ आणि स्थिर असते, म्हणून वळणदार पत्र्यासाठी ते वापरतात. आमच्या दाराच्या घडीवरील पट्टे एका हंगामात कडेने उचलले गेले, आणि उच्च दाबाच्या पाण्याने गाडी धुण्याची आमची सवयही त्याला कारणीभूत होती. दुसऱ्या गाडीसाठी चुंबकी पाटी घेतली. ती लोखंडी दारावर उत्तम बसते, पण ट्रेलरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असल्याने तिथे तिचा उपयोग नाही.

गणवेशासाठी पांढरे टी-शर्ट सुचवले गेले होते. गवत कापणाऱ्या माणसाला पांढरा सदरा सुचवणाऱ्याने गवत कधी कापलेले नसावे. आठवड्याभरात सगळ्यांच्या पोटापासून खिशांपर्यंत हिरवे डाग पडले आणि आम्ही गडद हिरव्या सदऱ्यांकडे वळलो. तेव्हा लोगोची उलट आवृत्ती लागली आणि तिथे एक बारीक गोष्ट ध्यानात आली : पट्ट्यांचे रंग नुसते उलटे केले की वर्तुळाची कड कापडात विरून जाते. डिझायनरने कडेला एक फिकट कंकण जोडून ते सोडवले. एकरंगी आवृत्तीतही हाच प्रश्न होता, कारण दोन हिरव्यांतला फरक एका रंगात उरत नाही. तिथे फिकट पट्टे मोकळे सोडून गडद पट्टे थोडे बारीक केले आहेत. पावतीवर, बिलावर आणि यंत्राच्या गवत-पेटीवर आम्ही हीच एकरंगी आवृत्ती वापरतो, आणि खरे सांगायचे तर मूळ रंगीत लोगोपेक्षा तीच आम्हाला अधिक आवडू लागली आहे.

टोप्यांवर भरतकाम करताना घोषवाक्य गळाले. सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरे दोऱ्यात भरून जातात, हे भरतकाम करणाऱ्याने नमुना काढूनच दाखवले. त्या घोषवाक्याशिवाय कोणालाही काही कमी वाटले नाही, म्हणून ते आता कुठेच नाही.

फाइलींबाबत एकच तक्रार आहे. एसव्हीजी, पीडीएफ, ईपीएस आणि पीएनजी असे सर्व प्रकार मिळाले, परंतु ईपीएसमध्ये अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर केलेले नव्हते. विनाइल कापणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसल्यामुळे नाव दुसऱ्याच वळणात कापले गेले आणि कापून झाल्यावरच ते लक्षात आले. हक्कांचे लेखी हस्तांतरण मात्र शेवटच्या हप्त्यासोबत विनासायास मिळाले. व्यापारचिन्हाच्या नोंदणीसाठी आम्ही आता अर्ज तयार करत आहोत. बागकाम व हिरवळीची निगा या सेवा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४४व्या वर्गात मोडतात.

पाचपैकी चार तारे देत आहे. कापलेला एक तारा पांढऱ्या सदऱ्यांसाठी आणि ट्रेलरच्या पहिल्या दारासाठी आहे. तिसऱ्या यंत्राच्या स्टिकरचे काम याच डिझायनरकडे दिले आहे, आणि या वेळी नमुना कागदावर छापून, यंत्राला चिकटवून, वीस पावले मागे जाऊन पाहिल्यावरच त्याला होकार कळवला.